मुद्दा पटतो, माणूस खटकतो

मावशीने विणलेला स्वेटर मी नाकारला तेव्हा व्हिगन होऊन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही खायचं-वापरायचं सोडून, मला जेमतेम चार महिने झाले होते. गडद निळा, पुढे पिळाची वीण, गळा अगदी माझ्या मापाचा. ते माप तिच्या बोटांना माझ्या लहानपणापासून पाठ आहे. मी तो हातातही न घेता म्हटलं, "मावशी, ही लोकर आहे ना? मी आता लोकर वापरत नाही." का वापरत नाही, तेही लगोलग सांगून टाकलं: कातरताना मेंढ्यांना होणाऱ्या जखमा, काही ठिकाणी शेपटीजवळची कातडीच कापून काढतात ते, आणि लोकर कमी झाली की शेवटी कत्तलखाना. मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिने बाह्या आत दुमडल्या, स्वेटरची नीट घडी घातली, तो पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "बरं. भूक लागली असेल ना तुला?" पुढच्या वेळी गेले तेव्हा तिच्या खुर्चीशेजारी निळ्या लोकरीचे गुंडे होते. धागा कुरळा झालेला. उसवलेली लोकर तशीच दिसते.

त्या दिवशी मी एकही चुकीचं वाक्य बोलले नव्हते. तरीही मावशीपुढे प्राण्यांचा विषय काढायची सोय मी पुढची कित्येक वर्षं घालवून बसले. मी बोलत होते मेंढीबद्दल. तिला ऐकू आलं ते तिने खपवलेल्या दोन महिन्यांच्या संध्याकाळींबद्दल.

आम्हा व्हिगन मंडळींचा एक लाडका समज आहे: लोकांना माहीत नाही म्हणून ते खातात, एकदा कळलं की सोडतील. मीही या समजावर बरीच वर्षं काढली. आकडे तोंडपाठ होते. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी 119 देशांतल्या 38 हजारांहून अधिक शेतांची माहिती एकत्र करून 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं, की जगातली 83 टक्के शेतजमीन मांस, दूध, अंडी आणि मत्स्यशेती यांच्यापायी गुंतलेली आहे. आणि त्या बदल्यात माणसाला मिळतात 18 टक्के उष्मांक आणि 37 टक्के प्रथिनं. आकडे भक्कम आहेत. पण ते ऐकून कुणी हातातला घास खाली ठेवल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

याचं कारण लोक निबर आहेत असं मी आधी मानायचे. आता वाटतं, कारण वेगळंच आहे. मूळ मुद्दा बहुतेकांना आधीपासून मान्यच असतो. गरज नसताना प्राण्याला त्रास द्यावा का, असं विचारून बघा. "हो, द्यावा" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. रस्त्यावरच्या कुत्र्याला लाथ घालणाऱ्याकडे मांसाहारी माणूसही रागानेच पाहतो. कोकराला मांडीवर घेऊन फोटो काढणारा आणि रात्री मटण चापणारा, हे दोघे नसतात, एकच असतो. मानसशास्त्राचे अभ्यासक याला 'मांसाचा विरोधाभास' म्हणतात. आपण ज्या माणसाला पटवायला निघतो, तो बऱ्याचदा पटूनच बसलेला असतो. त्याचा खटका उडतो तो आपल्याशी.

पटलेलं असूनही हात घासाकडे जातो, मग मन त्याची सोय कशी लावतं? स्टीव्ह लॉनन, निक हॅस्लम आणि ब्रॉक बॅस्टियन यांचा 2010 चा एक प्रयोग आहे. काही जणांना सुकवलेलं गोमांस खायला दिलं, काहींना काजू. मग दोन्ही गटांना प्राण्यांबद्दल प्रश्न विचारले. ज्यांनी गोमांस खाल्लं होतं, त्यांना एकंदर प्राण्यांची काळजी करायची गरज कमी वाटली आणि गाईची पायरीही त्यांच्या लेखी खाली गेली. एका प्रयोगावर इमले रचू नयेत हे खरं. पण त्यातून निदान एवढं कळतं, की आपण ज्याला समोरच्याचं 'मत' समजतो, ते कधी कधी नुकत्याच गिळलेल्या घासाचं असतं. म्हणजे जेवणाच्या टेबलावर हा वाद घालण्याइतकी वाईट वेळ दुसरी नाही. आणि पंचाईत अशी, की हा विषय हटकून तिथेच निघतो. वेगळेपण दिसतं तेच मुळी ताटात. म्हणून मी आता टेबलावर एका वाक्यात उत्तर देते, "मला प्राण्यांचं वाईट वाटतं म्हणून सोडलं," आणि पुढचं विचारलं तर म्हणते, जेवण होऊ दे, मग बोलू. दहापैकी आठ वेळा नंतर कुणी विचारत नाही. न विचारोत. उरलेले दोघे मनापासून विचारतात.

केकचा प्रसंग बहुतेक व्हिगन लोकांच्या वाट्याला आलेला असतो. कार्यालयात कुणाचा तरी वाढदिवस. कागदी ताटल्या हातोहात फिरत माझ्यापर्यंत येतात. मी "नको" म्हणते. हातात सुरी धरलेला सहकारी विचारतो, "का गं, डाएट?" "नाही, मी व्हिगन आहे." एवढंच. आणि मग, मी काहीही न विचारता, तो सांगू लागतो: "तसं मीही फार खात नाही हं. आठवड्यातून एकदा. मटण तर केव्हाच बंद केलंय." सुरीला लागलेलं क्रीम तो ताटलीच्या कडेला पुसतोय, पुसून झालं तरी पुसतोय. मी त्याच्यावर खटला भरलेला नाही, पण त्याची कैफियत सुरू झाली आहे. दोन मिनिटांनी कुणी तरी विनोद करतं, "झाडांनाही जीव असतो बरं का," सगळे हसतात आणि सुटल्यासारखे केक खाऊ लागतात.

हा विनोद इतका सार्वत्रिक का आहे, याचं उत्तर ज्युलिया मिन्सन आणि बेन्वा मोनँ यांच्या 2012 सालच्या लेखात सापडतं. मांसाहारी लोकांना त्यांनी विचारलं, शाकाहारी म्हटलं की मनात कोणते शब्द येतात? 47 टक्के लोकांनी नकारार्थी शब्द लिहिले. 'हे लोक स्वतःला आपल्यापेक्षा नीतिमान समजत असणार' असं ज्यांना जितकं जास्त वाटत होतं, तितके त्यांचे शब्द कडू होते. दुसऱ्या प्रयोगात काही जणांना आधी विचार करायला लावला, की शाकाहारी लोक तुमच्याविषयी काय म्हणत असतील. आणि मग शाकाहाऱ्यांबद्दलचं मत विचारलं. नुसता प्रश्नांचा क्रम बदलल्याने मतं खाली आली. कुणी उपदेश केला नव्हता, कत्तलखान्याची चित्रफीत दाखवली नव्हती. आपल्याला कुणी तरी तोलतंय, एवढी कल्पना पुरली. शाकाहारी माणसाबाबत हे, तर दूध, मध, चामडंही नाकारणाऱ्याबद्दल काय बोलावं!

इथे "पण मी कुठे कुणाला तोललं?" असं म्हणून मला हात झटकता येतील. तसं म्हटलं तर मात्र ते खोटं ठरेल. मी तोलत होते. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाच्या ताटात डोकावत होते आणि मनातल्या मनात गुण देत होते. समोरच्यांना ते कळत होतं, कारण असल्या गोष्टी चेहऱ्यावर उमटतातच. व्हिगन लोकांविषयीचा पूर्वग्रह हा निव्वळ अन्याय आहे, अशी तक्रार आमच्यात नेहमी ऐकू येते. काही प्रमाणात ती खरीही आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रांत 2007 साली छापून आलेल्या व्हिगनविषयक मजकुराची तपासणी मॅथ्यू कोल आणि कॅरन मॉर्गन यांनी केली, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश मजकूर टिंगलीचा किंवा हेटाळणीचा निघाला. पण पूर्वग्रहातला आपला वाटा आपणच मोजलेला बरा.

आता समोरून येणाऱ्या उत्तरांकडे वळू. जॅरेड पियाझा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांस खाण्याची समर्थनं गोळा केली, तर बहुतेक सगळी चार खणांत बसली: ते नैसर्गिक आहे, ते सगळेच करतात, ते गरजेचं आहे, आणि ते चविष्ट आहे. आमच्याकडे ही यादी 'पळवाटांची यादी' म्हणून फिरते आणि चारही खणांवर एकच घण घातला जातो. तिथेच चूक होते. 'नैसर्गिक' म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात मला आता रस उरलेला नाही. त्याला स्वतःलाही त्यात फारसा रस नसतो, हाताशी आलं ते त्याने फेकलेलं असतं. 'सगळेच करतात' हे म्हणणं मात्र ऐकायला वाटतं तितकं पोकळ नाही. माणूस एकटा जेवत नाही. सगळ्यांच्या पंगतीतून उठून बाजूला बसायचं, ही किंमत खरी आहे, आणि ती भरताना आपल्यालाही त्रास झाला होता हे आपण सोयीस्करपणे विसरलेलो असतो.

'चविष्ट आहे' हे या चौघांतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर, आणि त्याच्यावरच आम्ही सगळ्यात जास्त चिडतो. "जिभेच्या चोचल्यासाठी जीव घेता?" असं विचारलं, की संभाषण संपलं म्हणून समजा. त्यापेक्षा "हो, चविष्ट असतंच. चीज सोडताना माझेही हाल झाले" म्हणून पाहावं. हे खरं असेल तरच म्हणावं अर्थात. माझ्या बाबतीत खरं आहे.

'गरजेचं आहे' या उत्तरामागे मात्र अनेकदा खरीखुरी भीती असते. मुलाची वाढ, बाळंतपण, आजारपणातून उठलेला बाप. त्या भीतीला प्रचाराने उत्तर देणं मला अप्रामाणिक वाटतं. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. त्याची गोळी घ्यावी लागते, किंवा ते मुद्दाम घातलेले पदार्थ खावे लागतात. हे पहिल्याच बैठकीत सांगावं. आमच्यातले काही जण ते दडपतात आणि वर व्हिगन आहाराने अमुक रोग बरा होतो, तमुक कमी होतो असल्या थापा मारतात. त्यांना वाटतं, प्राण्यांचं कुणाला पडलेलं नाही, निदान तब्येतीच्या लोभाने तरी येतील. हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. (म्हणही नेमकी दुधातुपातलीच निघाली, भाषा सोडून जाणार कुठे?) तब्येतीसाठी आलेला माणूस पहिल्या अशक्तपणाला परत जातो, आणि जाताना आपल्यावरचा विश्वासही घेऊन जातो. मला प्राण्यांसाठी बोलायचं असेल, तर मी प्राण्यांसाठी बोलतेय हे उघड असू द्यावं.

यावर आमच्यातलीच कडवी मंडळी एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात: दरवर्षी 80 अब्जांच्या आसपास जमिनीवरचे प्राणी खाण्यासाठी मारले जातात, मासे वेगळेच, आणि तू मांसाहाऱ्यांच्या भावना जपायला सांगतेस? अन्यायाविरुद्ध बोलताना आवाज चढायचाच. मला हा संताप समजतो, तो माझ्यातही आहे. पण संतापाची भाषा कुठे नेऊन सोडते, याचं एक उदाहरण समोर आहे. 2003 साली प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या 'पेटा' संघटनेने एक मोहीम काढली. नाझी छळछावण्यांतल्या ज्यूंची छायाचित्रं आणि शेजारी पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांची, गोठ्यांतल्या जनावरांची. पुढची काही वर्षं चर्चा झाली ती ज्यूंच्या अपमानाची. 2005 मध्ये संघटनेच्या अध्यक्षांनी दुखावल्याबद्दल माफी मागितली, जर्मनीतल्या न्यायालयांनी फलक लावायला मनाई केली, आणि 2012 मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानेही ती मनाई उचलून धरली. या सगळ्या वर्षांत त्या कोंबड्यांबद्दल कोण काय बोललं? ज्यांच्यासाठी आरडाओरड केली, तेच चित्रातून बाहेर गेले.

मी मुद्दा बोथट करा असं म्हणत नाही. त्याचं टोक समोरच्याच्या छातीवर टेकवू नका, एवढंच म्हणते. या दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक पडतो हे एरिक श्विट्झगेबल, ब्रॅडफोर्ड कोकलेट आणि पीटर सिंगर यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसतं. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठातल्या 1,143 विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी वर्गात मांस खाण्याच्या नैतिकतेवर वाचन आणि चर्चा केली, निम्म्यांनी दानधर्माच्या नैतिकतेवर. नंतर त्यांच्यापैकी काही जणांच्या उपाहारगृहातल्या खरेद्या तपासल्या. पहिल्या गटाच्या खरेदीतलं मांसाच्या पदार्थांचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर आलं. दुसऱ्या गटात काही हललं नाही. सात टक्के म्हणजे क्रांती नव्हे. पण तत्त्वज्ञानाच्या एका तासाने माणसाचं खाणं बदलतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तिथे काय नव्हतं ते पाहा: पुढ्यात ताट नव्हतं, कुणाचं कौतुकाने वाढणं नव्हतं, कुणी कुणाला पकडून विचारत नव्हतं "मग तू काय करणार?" प्रश्न टेबलावर होता आणि प्रत्येक जण त्याच्याभोवती फिरू शकत होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमजली. समोरच्याला आपण जे मागतो, ते बहुधा एका उडीत मागतो. आज मांस, दूध, अंडी, मध, लोकर, रेशीम, चामडं, सगळं. अमेरिकेत 11 हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून 'फॉनालिटिक्स' या प्राणिहितासाठी संशोधन करणाऱ्या संस्थेने 2014 मध्ये दाखवलं, की शाकाहारी किंवा व्हिगन झालेल्यांपैकी 84 टक्के लोक कधी तरी माघारी फिरले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या वर्षातच. आता या माघारी गेलेल्यांशी आम्ही कसे वागतो? जवळजवळ धर्मभ्रष्टासारखे. "अंडं खाल्लंस? म्हणजे तू कधी व्हिगन नव्हतासच." मग तो पुन्हा कशाला फिरकेल? डोनाल्ड वॉटसन यांनी 1944 साली इंग्लंडमध्ये 'व्हिगन' हा शब्द घडवला आणि संस्था काढली. त्या संस्थेच्या आजच्या व्याख्येतसुद्धा 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असे शब्द आहेत. आम्ही वादात नेमके तेच गाळतो.

उलट, लोक बदलत असतील तर त्यांना बदलताना दाखवण्याचा उपयोग होतो. ग्रेग स्पार्कमन आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी 2017 मध्ये एका कॅफेत रांगेतल्या लोकांना दोन वेगवेगळे मजकूर वाचायला दिले. एकात होतं, 30 टक्के अमेरिकन लोक मांस कमी खाण्याचा प्रयत्न करतात. दुसऱ्यात, गेल्या काही वर्षांत 30 टक्के लोकांनी तसा प्रयत्न सुरू केला आहे. पहिला वाचणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं, दुसरा वाचणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांनी. आकडा तोच, क्रियापद वेगळं.

आणि कधी कधी तर बोलावंच लागत नाही. एमा गार्नेट आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजच्या महाविद्यालयांतल्या 94 हजारांहून अधिक जेवणांच्या नोंदी तपासल्या. चार पदार्थांपैकी एकाऐवजी दोन शाकाहारी ठेवले, की शाकाहारी जेवणांची विक्री 40 ते 80 टक्क्यांनी वाढत होती. सगळ्यात जास्त फरक पडला तो एरवी शाकाहाराच्या वाटेला न जाणाऱ्यांत. हे शाकाहाराचे आकडे आहेत, व्हिगन खाण्याचे नव्हेत, हे मी विसरत नाही. पण कार्यालयाच्या कँटीनच्या यादीत एक पदार्थ वाढवून घेण्यासाठी अर्धा तास घालवणं, हे एखाद्या मित्राला वर्षभर छळण्यापेक्षा प्राण्यांच्या जास्त उपयोगी पडतं, अशा मताला मी आले आहे. त्यात मित्रही शाबूत राहतो.

मावशीकडची वाट पुन्हा उघडली ती मी तिच्याकडे काही मागितलं तेव्हा. गेल्या थंडीआधी मी तिला सुताचा जाड धागा नेऊन दिला आणि विचारलं, याचा होईल का? तिने दोन ओळी विणून पाहिल्या, ओढून पाहिल्या. "सुताला ओढ नसते गं. गळा लोंबेल," म्हणाली. मग सुया एका नंबराने बारीक घेतल्या. हिरवा स्वेटर झाला, आणि गळा थोडा लोंबतोच. मेंढीचा विषय आमच्यात अजूनही निघालेला नाही.

आणि तो केक कापणारा सहकारी. तीन वर्षांत त्याने मला 'प्रथिनं कुठून मिळतात?'पासून 'निर्जन बेटावर अडकलीस तर काय खाशील?'पर्यंत सगळे ठरावीक प्रश्न विचारून झाले होते. उत्तर ऐकायला तो कधी थांबला नव्हता. परवा कॉफीच्या यंत्रापाशी इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "काय गं, ते सोयाचं दूध कॉफीत फाटतं. तू काय करतेस?" माझ्या जिभेवर आलं होतं, की का रे, तू कधीपासून? ते गिळलं. म्हटलं, कॉफी आंबट असते आणि वर उकळती, त्यात सोयाची प्रथिनं गोळा होतात. कॉफी मिनिटभर निवू दे, दूध वेगळं कोमट कर, आणि दुधात कॉफी ओत, सावकाश. कॉफीत दूध नको. तो फोनवर टिपून घेत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "म्हणजे आधी कपात दूध?"